पॉइंट चोवीस

मुलुंडच्या प्रसूतिगृहाच्या तळघरात
ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्यांशेजारी माझं टेबल.
त्यावर मीटर, चिमटे, बारीक सँडपेपर
आणि दोन पुस्तकं.

एक जाड. यंत्र जिथे जन्माला येतं तिथलं.
अर्थिंगमधून पंचवीस अँपिअर सोडा,
दमटात कोंडा, मग एकेक तार तोडून विचारा,
आता रे काय करशील?
ही अग्निपरीक्षा. एकदाच द्यायची.

दुसरं पातळ.
काल रात्री कुणाच्या तरी पोटच्या गोळ्याला ऊब देत होतं
आणि आज संध्याकाळी वॉर्डात परत हवंय,
त्या यंत्रासाठी.

समितीत डॉक्टर सुखटणकर म्हणाले, जाड घ्या.
जितकं कडक तितकं सुरक्षित.
खरेदीवाले म्हणाले, कमी यंत्रं नापास होतील ते घ्या.
मी म्हटलं, साहेब,
पोरगं पास होऊन नोकरीला लागलं,
आता दरवर्षी त्याला दहावीला बसवायचं का?
नुसत्या परीक्षेनेच मोडेल एखादं.
हशा झाला. बिस्किटं संपली.
ठराव पुढच्या महिन्यावर.

तुळसकर काकांकडे पुस्तकच नव्हतं.
ते हाताची मागची बाजू लावायचे यंत्राला.
तळवा लावू नकोस, म्हणायचे,
शॉक बसला की बोटं मिटतात,
आपण धरत नाही गं, ते आपल्याला धरतं.
मुंग्या आल्या की नापास.
एकतीस वर्षं त्या हातावर गेली
आणि हात शाबूत घेऊन ते निवृत्त झाले, सावंतवाडीला.

पण काका, पन्नास मायक्रोअँपिअरला मुंग्या येत नाहीत.
तुमच्या हाताला ते काहीच नाही.
नळी थेट हृदयाशी गेली असेल
तर मध्ये कातडी नसते,
उंबरठाच नसतो हो त्या घराला.

काल तीन नंबरचा इन्क्युबेटर आला,
एक चाक कुरकुरत.
अर्थिंगचा रोध पॉइंट चोवीस ओहम.
जाड पुस्तकात नापास, तिथे पॉइंट दोनला गेट बंद.
पातळ पुस्तकात पास, पॉइंट तीनपर्यंत चालतं.
दारात डिमेलो सिस्टर, हातात फोन.
पास का नापास ते सांग फक्त.
अठ्ठावीस आठवड्यांचं आहे,
भांडुपहून निघालंय.

मी पास म्हणणार होते.
पण पातळ पुस्तकाचंच एक सांगणं आहे,
पहिला आकडा जपून ठेवा,
पुढचे त्याच्याशी ताडून बघा.
रजिस्टर उघडलं.
तीन वर्षांपूर्वी पॉइंट दहा.
गेल्या वर्षी पॉइंट अकरा. माझंच अक्षर.

सिस्टर, दहा मिनिटं द्या.
दहा?
सात.

प्लग उघडला.
पितळेच्या जाड पिनेवर हिरवट बुरशीसारखं काही,
स्क्रू अर्धा आटा सैल.
मिठागरांवरून खारा वारा येतो आमच्याकडे,
खिडकीच्या गजांना खातो, कुलपांना खातो,
प्लगमध्येही शिरतो.
कुठल्या पुस्तकात लिहावं हे?
पिन घासली. तार नव्याने कापून बसवली.
पॉइंट बारा.
गळती मोजली, ठीक.
उरलेल्या दोन मिनिटांत सिस्टरनी
माझ्या खांद्यावरून चार वेळा घड्याळ पाहिलं.

चालू करून, उगाचच,
त्याच्या काचेला हाताची मागची बाजू लावली.
ऊब होती. बाकी काही नव्हतं.

रजिस्टरात दोन्ही आकडे लिहिले,
चोवीस आणि बारा.
सुखटणकर विचारतील, दुरुस्त झालं ना,
मग आधीचा कशाला?
पुढच्या महिन्यात सांगेन, बिस्किटं यायच्या आत.

वरच्या मजल्यावर लिफ्ट थांबली.
कॉरिडॉरभर कुर्र, कुर्र, कुर्र.
चाकाला तेल घालायचं राहिलंच.